रेकॉर्डी फिरू नयेत म्हणून

येरमाळ्यात हायवेच्या कडेला युवराजचं हॉटेल आहे. चहा, भजी, आणि येडेश्वरीच्या दर्शनाला आलेल्या पाव्हण्यांसाठी दुपारचं जेवण. वडलांच्या काळात ते पत्र्याचं होतं. युवराजनं पक्कं बांधायला काढलं आणि बांधता बांधता त्याच्या डोक्यात पुणं शिरलं. याचं खापर तो बायकोवर, म्हणजे अर्पितावर फोडतो. तिच्या मोबाईलवर पुण्यातल्या कुठल्याशा कॅफेचा व्हिडिओ आला होता. भिंतीभर काळ्याभोर रेकॉर्डी लावलेल्या, आणि खाली पोरंपोरी कॉफीचे कप धरून फोटो काढतायत. अर्पिता एवढंच म्हणाली, "बरं दिसतंय." युवराजनं तो हुकूम मानला. एरवी ती गॅसची टाकी बदला म्हणते तेव्हा त्याला तीनदा ऐकू येत नाही.

येरमाळ्यात रेकॉर्डी म्हटल्या की महेबूबचाचा. त्यांच्या 'शाहीन साउंड'चे कर्णे झाडावर चढल्याशिवाय आसपासच्या कुठल्या गावात लग्न लागलंय असं वाटतच नसे. धाकट्या लेकीच्या, शाहीनच्या नावानं काढलेला तो धंदा कॅसेटी आल्या तसा मंदावला आणि डीजे आला तसा खाटेखाली गेला. खाटेखाली म्हणजे खरोखरच. फोनो, म्हणजे रेकॉर्डी वाजवायचं मशीन, एका जुन्या चादरीत गुंडाळलेला आणि रेकॉर्डी पत्र्याच्या पेटीत. प्रत्येक रेकॉर्डीच्या मधल्या गोल कागदावर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं: महेबूब, येरमाळा. जत्रेत चार साउंडवाले शेजारी शेजारी बसले की रेकॉर्डींची अदलाबदल होई, म्हणून ही खूण.

युवराज गेला तेव्हा चाचांनी एक रेकॉर्ड कव्हरातून काढली. दोन तळव्यांच्या मधे, नुसत्या कडांवर पेलून, जशी काही आत्ताच चुलीवरनं उतरवलीय. उजेडाकडं तिरकी धरून म्हणाले, "हितं बघ. ही चकाकती पट्टी हाय न्हवं, हितं एक गाणं संपतंय आन् दुसरं सुरू व्हतंय. अंधारात बी मला बोटाला कळायचं."

"मोबाईलवर सगळी गाणी घावत्यात आता, चाचा," युवराज म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून.

"घावत्यात की. पर मोबाईलात गाणं एकदम अंगावर येतंय. हितं आदी खरखर येती. मांडवातली माणसं त्या खरखरीलाच गप व्हायची. पोरं कव्हरावरचं चित्र बघायला रांग लावायची. आन् हे आवडलं न्हाय, फुडचं लाव, असं चालत नव्हतं. एक बाजू मंजे एक बाजू. पार शेवटपतूर ऐकायची, मग उलटायची."

युवराज खरं तर भिंतीसाठी मागायला आला होता. पण चाचांच्या तोंडाकडं बघता बघता त्याच्या तोंडातून भलतंच निघालं. "ऐकायला न्यायच्यात, चाचा. हॉटेलात मशीन घिऊ आपण. तुमी यायचं, चहा प्यायचा, गाणं लावायचं."

किंमत काय द्यायची विचारलं तर चाचा म्हणाले, "वाजणार हायत न्हवं? मग झालं. त्या काय शेरडं हायत व्हय बाजारात न्यायला?" पेटी देऊन झाल्यावर वरनं एक रेकॉर्ड त्यांनी वेगळी हातात ठेवली. "ही संभाळ. तुज्या आईच्या लग्नातली. कमलवहिनी जीपमधी बसल्या तवा हिच्यावरचं शेवटचं गाणं लावलं हुतं. जीपचा डायवर बी रडला हुता."

भिंतीचं काम शिवानंद सुताराकडं होतं. त्यानं पहिली रेकॉर्ड मधल्या भोकातून खिळा मारून लावली आणि पंखा सुरू केला, तर ती हळूहळू फिरायला लागली. कागदावरची अक्षरं उलटी झाली. शिवानंद डोकं खाजवत म्हणाला, "ही तर फिरतीय की."

"मग दोन बाजूला दोन स्क्रू मार," युवराज म्हणाला. "फिरू नये असं कर."

ड्रिल फिरलं. काळा भुसा नव्या फरशीवर पडला. अर्पिता झाडू घेऊन आली आणि वाकल्या वाकल्या तिनं विचारलं, "चाचास्नी ठावं हाय न्हवं?"

"व्हय की," युवराज म्हणाला.

आईच्या लग्नातली रेकॉर्ड त्यानं मुद्दाम गल्ल्याच्या बरोबर वर लावायला सांगितली. आदर म्हणून. कागदाच्या दोन्ही बाजूंना लागून दोन स्क्रू.

उद्घाटनाला तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ लावली. माळ संपली, धूर विरला, आणि धुरातून एक ऑटो येऊन थांबली. चाचा ईदचा सदरा घालून उतरले. कडेवर लेकरू घ्यावं तसा चादरीतला फोनो. जवळच्या वाशी गावातल्या कारागिराकडं हेलपाटे घालून त्यांनी तो चालू करून आणला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. हसत आत आले आणि युवराजच्या डोळ्यासमोर काड्यापेटी उघडली. आत कापसावर ठेवलेली फोनोची पीन. "नवीन हाय," ते म्हणाले. "उगी खरवडाय नको."

मग त्यांनी वर बघितलं.

युवराजला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते भिंतीपुढून हळूहळू चालत गेले, एकेका कागदावरचं स्वतःचं नाव वाचत. तेवढ्यात युवराजच्या आईचं, कमलबाईंचं लक्ष फोनोवर गेलं.

"भावजी, मशीन आणली व्हय? मग माजं गाणं लावा की."

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. चाचांनी गल्ल्यावरच्या रेकॉर्डीकडं बघितलं, मग युवराजकडं. युवराजनं दारावरचा हार नीट करायला घेतला. हार नीटच होता.

चाचांनी काड्यापेटी सदऱ्याच्या खिशात घातली. "वहिनी, पीन घरी ऱ्हायली बगा."

"झालं का," भज्यांची प्लेट घेऊन बसलेले ज्ञानोबा म्हणाले. ज्ञानोबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, आणि त्यांचा आवाज त्यांच्या शेताएवढाच. "चाचा, नवरदेव घरी ठिवून वऱ्हाड आणलं तुमी."

सगळे हसले. चाचाही हसले. युवराजसुद्धा हसला, आणि त्या हसण्याचा आवाज त्याच्या कानात पुढं लई दिवस राहिला.

चाचा चहाला येत राहिले. यायचं बंद केलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. फक्त आत न बसता बाहेरच्या बाकावर बसायला लागले, रस्त्याकडं तोंड करून. येणारा-जाणारा थट्टा करी, "चाचा, पीन घावली का?" चाचा म्हणत, "हुडकतोय." ज्या माणसानं कुठल्या नवरीला गाण्यासाठी कधी ताटकळत ठेवलं नाही, त्याला गावानं विसरभोळा ठरवलं. युवराज आतून चहा पाठवी. साखर स्वतःच्या अंदाजानं, जरा जास्तच. चहानं भागेल असं त्याला वाटत होतं, असं नाही. पण दुसरं काही करायला तोंड उघडावं लागलं असतं.

एका दुपारी ज्ञानोबा गल्ल्यापाशी उभं राहून बोलत होते. "नातीच्या साखरपुड्याला डीजे नको म्हणालोय म्या. जुन्या टाइपची गाणी पायजेत. चाचास्नीच सांगणार हुतो. पर ऱ्हाऊ दे बाबा. ऐन टायमाला पीन इसरायचे."

बाहेरच्या बाकावर चाचांचा कप बशीवर टेकला. ते उठले नाहीत, वळलेही नाहीत. नुसती मान थोडी खाली गेली.

"इसरले न्हवते," युवराज म्हणाला.

"कोण?"

"चाचा. पीन खिशात हुती त्यांच्या. काड्यापेटीत. म्या बगितली हुती." त्याचा आवाज गल्ल्यामागं अडकल्यासारखा येत होता. "ऐकायला म्हणून आणल्या म्या रेकॉर्डी, आन् भोकं पाडून भिंतीला लावल्या. आई गाणं लावा म्हणाली, तवा त्यांनी माजी लाज झाकली. आन् म्या तुमच्यासंगं हसलो."

एका ट्रकवाल्यानं चटणी मागितली, त्याला कुणी दिली नाही. अर्पिता आतल्या दारात उभी होती. ती युवराजकडं बघत नव्हती. ज्या जागी काळा भुसा पडला होता तिथल्या फरशीकडं बघत होती.

आत कांदा चिरत बसलेल्या कमलबाई बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "काढ ती."

युवराज स्टुलावर चढला. त्यानं स्वतः दोन्ही स्क्रू काढले आणि रेकॉर्ड दोन तळव्यांच्या मधे धरून खाली उतरला. अर्पिता चाचांच्या घरून फोनो घेऊन आली. उद्घाटनानंतर चाचा पहिल्यांदाच आत येऊन बसले. काड्यापेटी खिशातच होती. रोज असायची बहुतेक. त्यांनी सदऱ्याच्या टोकानं रेकॉर्ड पुसली, पीन बसवली, आणि खरखर आली.

हॉटेल खरोखरच गप झालं. ट्रकवाल्यानंही घास तसाच धरला. एक गाणं झालं, दुसरं झालं. कमलबाई पदर तोंडाशी धरून शेवटच्याची वाट बघत होत्या. ते सुरू झालं. सनईसारखं काहीतरी वाजलं, बाईचा आवाज वर चढला, एक कडवं सरलं, आणि पीन कागदाजवळच्या त्या भोकांपाशी पोचली. ठक. पुन्हा ठक. आवाज तेवढ्याच तुकड्यावर अडकून राहिला. नवरी जीपपाशी आली खरी, पण पाय आत ठेवता येईना.

चाचांनी बोटानं पीन उचलली. "मोडंल," ते हळूच म्हणाले.

युवराजला आईकडं बघवेना. कमलबाईंनी पदर खाली घेतला. "फुडचं मला येतंय," त्या म्हणाल्या. पण म्हणून दाखवलं नाही.

चाचांनी पीन कापसावर ठेवली, काड्यापेटी मिटली आणि ज्ञानोबांकडं वळून विचारलं, "साखरपुडा कवा हाय?" मग, युवराजकडं न बघता, "आन् चहा टाक रे. साखर कमी घाल. एवडी गोड मला चालत न्हाय."