मंगेशचं सिम माझ्याकडे असतं

परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेल्या पोराच्या आठवणी म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता विमान उडणार, खिडकीतून पुणं बारीक बारीक होत जाणार आणि माझे डोळे भरून येणार. तसं काही नाहीये. विमानात मंगेश होता. मी ट्रॉली ढकलायला होतो. डोळे भरून आले होते, पण कारण वेगळं होतं.

मंगेश आणि मी विदर्भातल्या पुसदचे. शाळेत एकाच बाकावर. इंग्रजीच्या सरांची नक्कल मी करायचो आणि हसल्याबद्दल मार तो खायचा. पुढे पुण्यात कर्वेनगरला एकाच रूमवर राहिलो, इंग्रजी शिकवायचा ऑनलाइन कोर्स जोडीनं केला आणि व्हिएतनाममधल्या एका शाळेत दोघांनीही अर्ज टाकला. व्हिडिओ इंटरव्ह्यूत मी सुरुवात अमेरिकन केली, मध्येच ब्रिटिश झालो आणि शेवटी टेन्शनमध्ये ऑस्ट्रेलियन कॉमेंटेटरवर उतरलो. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही नक्की कुठले? मंगेश आपला साध्या पुसदच्या इंग्रजीत बोलला, हळूहळू, पोरांना कळेल असं. त्याला घेतला.

लोहगावच्या विमानतळावर त्याची आई, म्हणजे सुमनकाकू, पुसदहून ट्रॅव्हल्सनं आलेली. बॅग वजनात बसेना, तेव्हा मंगेशनं लोणच्याची बरणी काढून माझ्या हातात दिली. वर त्याचं इथलं सिम. बँकेचे ओटीपी त्यावर येतात ना, ते कुणीतरी त्याला कळवायला पाहिजेत. "पोचला की फोन कर," काकू एवढंच म्हणाली. तो पाया पडला आणि गेला. त्याला देश मिळाला, मला लोणचं.

तेव्हापासून तो 'टीचर मंगेश' आहे. फोटोत बारकी बारकी पोरं त्याच्या पायाला लोंबकळत असतात. मी कोथरूडला स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो. माझ्या पायाला फक्त सोसायटीतलं कुत्रं लोंबकळतं. बाहेर गेलेल्यांनो, तुम्ही तिकडून समुद्र टाकता, स्कूटर टाकता, सूपचे वाडगे टाकता. इकडे तुमचे ओटीपी सांभाळणारा एक जण असतो आणि त्याला ते सगळं झूम करून बघावं लागतं.

तसा मीही घर सोडूनच आलोय, पण ते कुणी मोजत नाही. पहिल्या आठवड्यात घरमालक काकांना मी म्हणालो, "काका, पाणी नाही येऊन राहिलं." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण इंग्रजी शिकवता ना? छान. मराठीचा क्लास कुठे लावलाय?" त्याच दिवशी मी पुणेरी झालो. आता दूधवाल्यालाही 'अहो, आपण' करतो. आणि पुसदला उतरलो की भाऊ ओरडतो, "हा पाय, पुण्याचा पाहुणा आला!" म्हणजे इथं नक्कल, तिथंही नक्कल. इंटरव्हल कुठेच नाही.

दिवाळीत तर कहर. मी समोर उभा, आणि लोक विचारणार, "मंग्या कसा हाय? आन बंट्या, तू? अजून पुण्यातच?" जसं काही पुणं म्हणजे एसटी स्टँडवरचा बाक. माझी स्वतःची आई चहा गाळता गाळता, "मंगेशनं मायले नवा फोन घेऊन देल्ला म्हणते."

परवा मंगेशचा मेसेज आला. शाळेनं त्याला आणखी एक वर्ष ठेवून घेतलं. खाली फोटो: सगळ्या वर्गानं मिळून त्याचं चित्र काढलेलं, त्यात त्याला माझ्यापेक्षाही जास्त केस. माझं डोकंच फिरलं. त्याचं सिम माझ्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत आणि त्याचा आवाज माझ्या गळ्यात. नाकातून, शेवटी जरा दमलेला. म्हटलं, काकूला थोडं रडगाणं ऐकवू. ती शेजारी सांगेल, शेजारीण बाजारात सांगेल, टीचर मंगेशचं तिकडे काही खरं नाही म्हणून. मग दिवाळीत मला नीट फराळ खाता येईल. मी त्याच्या सिमवरून फोन लावला.

"आई, मंगेश बोलतो."

"बोल."

बोलायला लागलो आणि थांबेचना. "करमत नाई वं इथं. सांजच्याले रूमवर आलं की बोलाले कोनी नसते. लोकं वाईट नाईत, पन आपन तोंड उघडलं की आधी कसं बोलते ते पायतात, काय बोलते ते मागून. सन आला की चीड येते. वाटते, उठाव, गाडीत बसाव अन् सकाळी पुसदले उतराव."

मला वाटलं, जमलं.

"काऊन रे बंट्या," काकू म्हणाली.

मी घाबरून कंपनीच्या बाईचा आवाज काढला, "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती..."

"चूप! भैताडा, व्हिएतनामहून पुसदले कोनती गाडी येते रे? आन मंग्या मह्यासंग एवढा बोलते कधी? जेवलो, बरा हाय, ठेवतो. झालं त्याचं. त्याले करमते तिथं, तं तुह्या पोटात कायले दुखते? करमत नाई तुले, आन नाव लावतं त्याचं! तिकडं तुही माय फोन हातात घेऊन बसते, पोट्टा आता पुण्याचा साहेब झाला, कराव का नाई म्हून भेते. आन तू रडतं मह्यापाशी, थेही दुसऱ्याच्या आवाजात! लाज नाई वाटत? लाव तिले फोन, आत्ताच्या आत्ता. तुह्या नंबरवरून लाव, तुह्या तोंडानं बोल. आन पुण्यावानी बोलला ना, तं दिवाळीत तिच्या घरी येऊन कान पिळीन, सांगून ठेवलं!"