म्युरिएलबाई आणि साडेपाचची बस

इंग्रज माणूस स्वतःहून काही म्हणत नाही. कुठल्याशा लेखात काय म्हटलंय तेवढं सांगतो आणि हात झटकून मोकळा होतो. आमच्या साप्ताहिकात या हात झटकण्याची जबाबदारी मिस म्युरिएल प्लॅट यांच्याकडे होती. छपाईला जाणारा प्रत्येक मजकूर त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जायचा. मी एकदा ‘गुरुवारी पाऊस पडला’ असं लिहिलं, तर बाईंनी समासात विचारलं, ‘कोण म्हणतं?’ गुरुवारी त्या पावसात आम्ही दोघंही भिजलो होतो.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. चार मैलांवर थॉर्बीला त्यांची नव्वदीची आई. साडेपाचच्या बसने जायचं आणि सहाला आईच्या हातात चहा द्यायचा, तीस वर्षं हेच चाललेलं.

एकदा पानावर दोन ओळींची जागा उरली. बाईंनीच ती भरली: ‘चालकाच्या म्हणण्यानुसार थॉर्बीची बस रिकामी धावते.’ चालक तसं म्हणाला होता खरा, पण सुट्टीच्या सोमवारी. ते मात्र दोन ओळींत मावलं नाही.

दोन महिन्यांनी कौन्सिलचा अहवाल आला: ‘प्रसिद्ध झालेल्या लेखानुसार ही बस रिकामी धावते, सबब बंद करावी.’ आमचे संपादक बार्नबी यांनी लगेच मथळा दिला: ‘अहवालानुसार बस रिकामी.’

बाई तडक कौन्सिलच्या कचेरीत गेल्या.

“मी रोज जाते त्या बसने. चौदा जण असतो आम्ही.”

“असालही हो,” तिथले साहेब म्हणाले. “पण हे कुठे छापून आलंय का?”

“अहो, ते रिकामीचं मीच लिहिलं होतं.”

“मग वाद कसला, बाई? तुमचंच तर आम्ही ऐकलं.”

परत येऊन त्यांनी बार्नबींना खुलासा छापायला सांगितलं.

“कुणाच्या हवाल्याने, म्युरिएल?”

“माझ्या.”

“तुम्हीच कापलं असतंत की हे,” बार्नबी हसत म्हणाले. मला त्यांचा असा संताप आला, पण नोकरी होती.

मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, “बाई, वाचकांच्या पत्राला हवाला लागत नाही.” त्यांनी पत्र लिहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं नाव छापून आलं.

आठवड्यात कौन्सिलचं उत्तर: ‘प्रसिद्ध झालेल्या पत्रानुसार या बसने जेमतेम चौदाच माणसं प्रवास करतात. शनिवारपासून बस बंद.’

छापण्याआधी तपासायला ते बाईंच्याच टेबलावर आलं. त्यांनी दोनदा वाचलं. हवाला बिनचूक होता. त्यांनी कागद पुढे सरकवला.

हल्ली बाई साडेपाचला चालत निघतात. म्हातारी आई सात वाजेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसलेली असते. हे कुठेही छापून आलेलं नाही. मी म्हणतो.