संक्रांतीपर्यंतचं पर्यटन

१८ जानेवारी, रविवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन, दुपारभर बोचरा वारा.

किस्से गाजरगवतासारखे असतात. एक उपटेपर्यंत चार उगवतात! संपतच्या कृषी पर्यटन केंद्राची नोंद मी पहिल्या दिवसापासून ठेवतोय, तर निम्मी वही त्यातच गेली.

आमचं गाव दौंडहून शिरूरकडे येताना नदीकाठी. थंडीत काठावर रोहित पक्षी उतरतात, गुऱ्हाळं धूर सोडत असतात. "पुण्याची माणसं हे बघायला कुठंकुठं जात्यात, आन् आपण नुसतं बसलोय," म्हणत संपतनं अर्ध्या एकरातला ऊस मोडला आणि तीन खोल्या बांधल्या. त्याचे थोरले भाऊ, तात्या, एकच वाक्य बोलले. "संक्रांतीपर्यंत सरकारी नोंदणी झाली तर तुझं पर्यटन, न्हाईतर माझा ऊस."

तेव्हापासून संपत एका जागी बसलेला मी पाहिला नाही.

*

पहिलं कुटुंब पुण्याहून पक्षी बघायला आलं, सकाळी सातला. पण संपतचे चुलते आबा आडवे आले. "सत्कार केल्याबिगर पाहुणा फिरवायचा न्हाई!"

शाल, नारळ, फेटे. मग आबांचं भाषण. मग आणखी तिघांचं. दहाला ते कुटुंब फेट्यांसकट काठावर पोचलं, तर पाण्यावर कोणीच नाही.

धाकटी मुलगी म्हणाली, "पक्षी कुठं गेले?"

आबा म्हणाले, "त्यांचा सत्कार नव्हता, बाळ. ते कशाला थांबत्यात?"

*

पाहुण्यांचे बूट चिखलात भरतात, म्हणून संपत बाजाराला गेला असताना आबांनी जेसीबी बोलावला. काठावरचा सगळा चिखल काढून मुरूम टाकला. रोलरही फिरवला.

रोहित पक्षी त्याच चिखलात चरायचे. ते पलीकडच्या गावाच्या काठाला गेले. संपत परत आला, काठ बघून मटकन खाली बसला. लगेच उठलाही.

आबा म्हणाले, "पक्षी गेलं तर गेलं, रस्ता तर ऱ्हायला!"

*

एका ग्रुपनं फोनवर सांगितलं, चुलीवरचं पिठलं-भाकरी हवी. संपतच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, पनीर, पुलाव आणि गुलाबजाम केले.

"अगं, ती पिठलं खायलाच आल्यात!"

"आली असतील. पाहुण्याला पिठलं वाढलं, हे माझ्या माहेरी कळलं म्हंजी?"

पाहुणे शेवटी गुऱ्हाळावरच्या कामगारांच्या पंगतीत जाऊन भाकरी-ठेचा खाऊन आले. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. कामगारांशी!

*

नोंदणीच्या पाहणीला साहेब आले ते भोगीच्या दिवशी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. सकाळी अकराला. त्यांना संध्याकाळी पाचची गाडी दौंडला गाठायची होती.

यावेळी आम्ही शहाणे झालो होतो. फेटे नाहीत, भाषण नाही, चुलीवर पिठलं तयार. आबांना तर संपतनं हात जोडून सांगितलं होतं, "आबा, आज काय बी बोलू नका."

आबा एकच बोलले. "साहेब, मूळ गाव कुठलं?"

साहेब म्हणाले, "गाव लांबचं, पण आईचं माहेर हेच. वरच्या आळीतली शांता. आई जाऊन सहा वर्षं झाली."

"शांताचा पोरगा? आरं, मग तू साहेब कसला, गावचा भाचा हायेस!"

आबांनी त्यांचा हात धरला आणि वरच्या आळीला नेलं. भोगीचा दिवस, घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. भाचा दारात आला आणि न जेवता गेला, हे कोणतं घर ऐकून घेईल? मी नऊ घरं मोजली. प्रत्येक घरात शांताची एक तरी आठवण निघाली. साहेब दोनदा रडले.

फाईल घेऊन संपत मागं मागं. "आबा, खोल्या तेवढ्या बघू द्या त्यांना!"

"खोल्या कुठं पळत्यात?"

चारला साहेब जीपमध्ये बसले. मांडीवर गुळाची ढेप, हातात नारळ. संपत जीपबरोबर पळत होता. "साहेब, पाहणी?"

"पुढच्या फेरीत नक्की, मामा!"

अहवालात एक ओळ आहे, 'केंद्र पाहता आले नाही.' पुढची फेरी पावसाळ्यानंतर.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तात्यांनी उसाची लागण सुरू केली. तीन खोल्या सोडून बाकी सगळ्या जागेत. दुपारी दोनला संपली.