खाडा धरू नका

नगरसेवकाला पगार किती असावा, हे विचारायला लातूरच्या कॉलेजातली एक पोरगी नांदेडला माझ्या घरी आली. मी चौथी शिकलेला गवंडी. मला कशाला विचारता, म्हणलं. तर म्हणाली, काका, तुमच्या घरातून निवडून आल्या होत्या ना.

आली होती, माझी बायको. एकदाच, पाच वर्षं. वार्ड बायांना राखीव सुटला, वस्तीतली माणसं विहारात बसली अन् तिचं नाव निघालं. त्याआधी ती माझ्याच हाताखाली बिगारी. मी वीट लावायचो, ती माल वाहायची. आता न्हाई. गेल्या पावसाळ्यात गेली.

पोरीनं चहा घेतला अन् पहिलाच सवाल टाकला, "काका, त्यांच्या वेळी कारभार तुम्हीच बघत होता ना?"

तिचा दोष न्हाई. सगळे हेच विचारतात. ती निवडून आली त्या दिवसापासून लोक मला साहेब म्हणायला लागले. हार तिच्या गळ्यात, खुर्ची मला. एका सत्काराला तिला बायांत सतरंजीवर बसवलं अन् मला स्टेजवर. तिथूनच तिनं आवाज दिला, "अहो साहेब, भाषण पाठ केलं का?" सारा मांडव हसला. मी खाली उतरलो, ती वर गेली.

पोरीला म्हणलं, मी दिवसभर परांचीवर. कोणाच्या नळाला पाणी न्हाई, हे मला सांजच्याला तिच्याच तोंडून कळायचं. माझं नाव लिहू नका. पुढचं विचारा.

तिनं विचारलं, बाई दिवसाला किती काम करायच्या. तेव्हा मी खाड्याचं सांगितलं.

आमच्या मजुरीत कामावर आला न्हाईत की मुकादम खाडा धरतो. त्या दिवसाची मजुरी गेली. नगरसेवक झाल्यावरही ती सुरुवातीला मजुरीला येत होती. मानधन मिळायचं, पण ते दुसऱ्यांच्या बाळंतपणाच्या रिक्षात जायचं. चूल मजुरीवर. एकदा गटार तुंबलं, घाण पाणी लोकांच्या घरात शिरलं. सफाईवाल्यांसंगं ती सकाळपासून गुडघाभर चिखलात उभी. दुपारून साइटवर आली तर मुकादम म्हणाला, बाई, आज तुमचा खाडा.

तिनं पदर खोचला. "तुझ्याकडं खाडा धर," म्हणाली. "पण मी कामावर नव्हते असं म्हणू नको."

हळूहळू तिची मजुरी सुटलीच. वार्ड सुटला न्हाई.

काही दिवसांनी पोरीनं पगाराच्याच चर्चेला लातूरला बोलावलं. लोहा, अहमदपूर करत एसटीनं गेलो. हॉलात प्राध्यापक होते, जुने नगरसेवक होते. पोरीच्या वरच्या सरांनी वाचून दाखवलं, की जितक्या बैठकांना हजर तितक्या दिवसांचा मोबदला द्यावा. मग इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेला एक माजी नगरसेवक उठला. ओळख सांगतानाच त्यानं आपली दोन दुकानं सांगितली होती. म्हणाला, आम्हाला काहीच नको, आपण जनतेचे सेवक, पगार ठेवला की हावरी माणसं शिरतात. टाळ्या पडल्या.

मी उठलो.

"साहेब, तुमची दुकानं चालू हायत म्हणून तुम्हाला सेवा परवडते. माझ्या बायकोमागं पोट लागलेलं होतं. अन् सर, बैठकीचे दिवस धरले, मग बाकीच्या दिवसांचा काय खाडा?"

काही हसले. काहींना शब्दच कळला न्हाई. सांगितला. गटाराचंही सांगितलं. सर चांगले माणूस. म्हणाले, काका, तुमच्या भावना समजल्या.

"भावना न्हाई हो," म्हणलं. "हजेरी हाय."

ते म्हणाले, असे दिवस मोजायचे कसे? म्हणलं, ते तुम्ही बघा, शिकलेले तुम्ही. पण न्हाई मोजले तर उद्या कुठली बिगारीण उभी राहील निवडणुकीला? दुकानवालाच राहील. त्यावर कोणी टाळी वाजवली न्हाई. सरांनी मात्र पेन उचलला.

निघताना दारात पोरीनं एकेकाला पाकीट दिलं. गाडीभाडं अन् दिवसाचा भत्ता. पांढऱ्या कपड्यावाल्यानं हात जोडून नको म्हणलं. मी पण नको म्हणेन असं वाटलं असंल सगळ्यांना. मी घेतलं. दिवस मोडला होता माझा.

पोरगी हसली. मग हळूच म्हणाली, "काका, गटाराचा दिवस मी लिहिलाय. वरचे ठेवतील का काढतील, माहीत नाही."

"काढला तर फोन कर," म्हणलं.

परतीला दोन जणांची सीट रिकामी मिळाली. खिडकी बायकोची असायची. मी बाहेरच्या बाजूला बसलो. अहमदपुरात एक जण चढला, सरका की आजोबा म्हणाला. मी पाय वळवून त्याला आत जाऊ दिलं, पण सरकलो न्हाई.

घरी येऊन तिच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. सांगितलं, माझा आज खाडा पडला न्हाई. तुझ्या दिवसाचं अजून ठरायचं हाय. तो हजेरीत न्हाई धरला तर मी परत लातूरला जाऊन तिथंच बसणार हाय.