सूप थांबलं की गाडी झाली

बातमी आली तेव्हा मी उंबऱ्यात सूप घेऊन बसले होते. जालन्याच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला, "आई, तात्या गेले." आठ दिवस नाकातोंडात नळ्या होत्या, तेव्हा बातमी अचानक नव्हती. सुपातला गहू मी डब्यात भरला, झाकण लावलं आणि मग शेजारी सांगायला गेले. बाई रडली नाही, असं नंतर गल्लीत बोलणं झालं. नाही रडले. त्याला आता दीड महिना झाला. नात म्हणाली, आजी, पेपरच्या पुरवणीत देऊ, तू लिही. मी चौथी शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ तिने बघितलं, वाक्यं माझी आहेत. माझे मालक, तात्या, किती चांगले होते हे सांगायला मी लिहीत नाही, ते दहाव्याला सगळ्यांनी सांगून झालं. त्यांच्या नावावर एक चूक लोक सांगतात, ती त्यांची नव्हती. तेवढ्यासाठी लिहिते.

जाफराबादेत रस्त्याला लागून आमचं एका खोलीचं दुकान आणि मागे घर. दुकानातून घरात येणारा जो उंबरा, ती माझी जागा. तात्या फक्त जुन्या टू स्ट्रोक मोटारसायकली करायचे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या, धूर सोडणाऱ्या. नव्या गाड्या आल्या तरी काही लोकांचा जीव त्या जुन्यातच अडकलेला असायचा, ते कुठून कुठून यायचे. अंकुशनगरचा एक जण कारखान्याच्या कामावरून थेट आला होता. गाडी सात-आठ किलोमीटर चालते आणि बंद पडते. तीन मिस्त्र्यांनी प्लग बदलला, कॉईल बदलली, कार्बोरेटर दोनदा उघडला. तात्यांनी पान्याला हात लावला नाही. बंद पडल्यावर तू काय करतो, एवढंच विचारलं. तो म्हणाला, टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघतो. मंग? मंग चालू होती. तात्यांनी माझ्याकडून सुई मागून घेतली आणि टाकीच्या झाकणाला जे बारीक छिद्र असतं ते मोकळं केलं. टाकीत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. तो माणूस झाकणाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तात्या, एवढंच व्हतं?" तात्या म्हणाले, "एवढंच ऱ्हातं. लोकायला मोठं लागतं." माझी सुई मात्र परत आली नाही.

हे डोक्याचं काम होतं, ते शेवटपर्यंत चोख राहिलं. कान मात्र आधी गेले. तरुणपणापासून सायलेन्सर काढून इंजिनं चालवलेली, दुसरं काय होणार. गाडी ट्यून करायची तर तात्यांची एक रीत होती. हातभर लांबीचा पेचकस, टोक इंजिनला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला. दुसऱ्या हाताने कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू केसाएवढा फिरवायचा. कान गेल्यावर एकाच गाडीचा मालक, पिंपळगाव रेणुकाईचा, तीनदा परत आला. तिसऱ्यांदा तो गेल्यावर जेवताना मी म्हणाले, गाडी तापल्यावर किरकिरती, हवा जास्त झाली. मोठ्याने म्हणाले, कारण घरात आता सगळंच मोठ्याने बोलावं लागे. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"तुला कळतं?"

"कान हायेत मला."

त्यांनी खाली ठेवलेला घास उचलून खाल्ला. मग म्हणाले, "उंबऱ्यात बसत जा." जालन्याच्या डॉक्टरने कानात घालायचं यंत्र दिलं होतं, पण इंजिन चालू झालं की ते नुसतं घुंई करायचं. जुन्या प्लगांच्या डब्यात ते अजून पडलेलं आहे.

आमची खूण अशी. मी सूप पाखडत असले म्हणजे स्क्रू फिरवत राहायचा. सूप घोळलं म्हणजे पुढे गेला, थोडा मागे घ्यायचा. सूप थांबलं की गाडी झाली. तात्या पेचकस कानाला लावून डोळे बारीक करून बसायचे, गिऱ्हाइकाला वाटे केवढं ऐकून राह्यलेत, आणि नजर माझ्या सुपावर. माणसाला ऐकू येत नाही असं कळलं असतं तर त्यांच्याकडे गाडी कोणी दिली नसती, म्हणून ही गोष्ट आम्ही दोघांनी कोणाला सांगितली नाही, मुलांनाही नाही. सुपात कायम तेच दोन शेर गहू. पंक्चरवाला शेजारी मला म्हणायचा, "भाभी, साऱ्या जाफराबादचा गहू निवडायला तुमच्याकडंच येतो काय?" मी म्हणायची, तुझ्या घरचा बी आण, एवढ्यात होऊन जाईल. पुष्कळ वर्षं असं चाललं. आवाज ऐकायला शाळा लागत नाही. इंजिनला पेट्रोल जास्त झालं की ते अडखळतं, हवा जास्त झाली की किरकिरतं, आणि बराबर असलं की ते ऐकूच येत नाही, मागे आपलं चालू राहतं...

काकडे मास्तरांची गाडी आली तेव्हा दुकानात चार-पाच जण होते. मास्तर शाळेत त्याच गाडीवर जायचे, तिला फार जपायचे. इंजिन पूर्ण उघडून बांधलेलं होतं, शेवटचं ट्यूनिंग तेवढं राहिलं होतं. कोणीतरी म्हणालं, तात्या, तुमच्यासारखं जिल्ह्यात कोणाला जमत न्हाई. तात्या खूश झाले. "कान लागतो त्याला," असं म्हणाले, आणि माझ्याकडे मान करून, "आता हिला बघा. दिवसभर उंबऱ्यात, पण हिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत न्हाईत." सगळे हसले. मास्तरही हसले. तात्यांनी पेचकस कानाला लावला आणि माझ्याकडे बघितलं.

गाडी तापली होती. त्यांनी हँडलची मूठ पिळून सोडली तरी आवाज एकदम खाली आला नाही, वरच तरंगला आणि सावकाश उतरला. असं झालं म्हणजे इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतं, बहुतेक आतलं हवा अडवणारं सील गेलेलं असतं. अशा गाडीला ऑइल पुरत नाही आणि पळता पळता पिस्टन धरतो, म्हणजे आतल्या आत अडकतो. मला हे सगळं त्या वेळी माहीत होतं. मी सूप थांबवलं.

त्याच आठवड्यात भोकरदनच्या रस्त्याला इंजिन जाम झालं, मागचं चाक जागेवर बसलं आणि मास्तर रस्त्यावर घासत गेले. उजवा हात खांद्यात मोडला. तात्या त्यांच्या घरी जाऊन "चूक माझी" म्हणून आले आणि गाडी आणून परत उघडली. सील हातात धरून उजेडात बघितलं. मग मला विचारलं, "तुला ऐकू आल्तं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

"बरं," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आली तेव्हा पेचकस कानाला लावून पुन्हा सुपाकडेच बघितलं. त्यानंतर किती वर्षं, किती गाड्या... एकदाही त्यांनी मला, नक्की ना, असं विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. शिट्ट्यांवरून मात्र परत कधी बोलले नाहीत.

दहाव्याला मास्तर चांगलंच बोलले. म्हणाले, तात्यांचा हात जन्मात एकदाच चुकला, अन् तो माझ्या गाडीवर. लोकांनी माना हलवल्या. मी बायकांत बसले होते, बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात ते भेटायला आले, त्याच गाडीवर. चहा घेतला, उठले, दुकानासमोर किक मारली. मी उंबऱ्यात होते. निघण्याआधी त्यांनी सवयीने मूठ पिळली आणि सोडली, आणि आवाज वर तरंगला. सील रबराचं असतं, तेव्हा नवं बसवलं तरी काही वर्षांनी पुन्हा कडक होतंच. माझ्या हातातलं सूप चालूच राहिलं. मास्तरांनी मला हात जोडले. सुपाकडे बघणारं दुकानात कोणी नव्हतं, म्हणून मग मी उठले.

"मास्तर, गाडी बंद करा. हवा ओढून राह्यली ती."

ते हसले. "काकू, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"त्या दिवशी बी कळलं व्हतं."

त्यांनी गाडी बंद केली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सुपाचं, कानाचं, शिट्ट्यांचं. त्यांचा उजवा हात हँडलवर होता. तो खांद्याच्या वर अजून जात नाही, फळ्यावर वरची ओळ लिहायला ते स्टूल घ्यायचे असं लोक सांगतात. मग त्यांनी विचारलं, "तात्यांना सांगितलं व्हतं का?"

"त्यांनी विचारलं व्हतं. मी न्हाई म्हणाले."

मास्तर गाडीवरून उतरले. गाडी ढकलत दुकानात आणून लावली, किल्ली तात्यांच्या पेचकसाशेजारी ठेवली आणि पायी एसटी स्टँडकडे गेले.

गाडी तिथेच आहे. जालन्याहून सील आणायला मुलाला सांगितलं आहे, बसवणारा कोणी सापडला तर बघू, पण आवाज मीच ऐकणार. नात म्हणते, गव्हाला टोके लागलेत, टाकून दे आणि सूप भिंतीला लाव. सूप उंबऱ्यातच आहे. गाडी अजून झालेली नाही.