बघण्याच्या कार्यक्रमाची इंग्रजी आवृत्ती

मी हिला बघायला गेलो त्या दिवसाची गोष्ट मी फार चांगली सांगतो. हे माझं मत नाही. संध्याकाळी टिळक रस्त्यावर आमचा जो निवृत्तांचा कट्टा भरतो, तिथले लोक तसं म्हणतात. पुण्यात कुणाला चांगलं म्हणायला लोक सहसा तोंड उघडत नाहीत, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला किंमत आहे.

गोष्ट अशी. मी आणि माझे मामा एसटीने फलटणला निघालो. दिवे घाटात एसटी बंद पडली. सगळ्यांनी उतरून ढकलली, त्या गडबडीत मामांची एक चप्पल दरीत गेली. एका चपलेने मुलीच्या घरी कसं जायचं, म्हणून मामांनी दुसरीही फेकून दिली आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं, की माझं अनवाणी राहण्याचं व्रत आहे. भाच्याचं लग्न होईपर्यंत. ते सासरे इतके भाविक निघाले, की पुढे लग्न लागेपर्यंत मामांना त्यांच्यासमोर खरोखरच अनवाणी वावरावं लागलं. मग मी मुलीवर येतो. मुलगी खाली मान घालून बसलेली. काही विचारलं तरी तोंडातून शब्द नाही. मी मनात म्हटलं, घरात शांतता नांदेल, आणि होकार दिला. इथे मी थोडा थांबतो, हिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "लग्नानंतर जे तोंड उघडलं, ते अजून मिटलेलं नाही." लोक हसतात. ही पण हसते. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं.

मध्यंतरी आमच्या मुलीने लग्न ठरवलं. ती हडपसरला कंपनीत आहे, तिथलाच बरोबर काम करणारा मुलगा, केरळचा. मुलगा मला आवडला. घोडं पेंड खात होतं ते भाषेपाशी. त्याचे आईवडील आमच्याकडे जेवायला येणार होते. त्यांना मल्याळम आणि इंग्रजी येतं, हिंदीशी त्यांचं फारसं देणंघेणं नाही. मी बँकेत जन्मभर इंग्रजी पत्रं लिहिली, पण ती सगळी एकाच साच्यातली. सोबत अमुक कागद जोडला आहे, कृपया स्वीकारावा. त्या इंग्रजीत माणसाला जेवायला वाढता येत नाही. आणि व्याह्यांना बघण्याची गोष्ट सांगायची नाही, तर मग बोलायचं तरी काय? केरळात पाऊस किती पडतो, हे?

तेव्हा सदाशिव पेठेत इंग्रजी बोलायचा क्लास लावला. हिने विचारलं, "तुम्ही एकटेच जाऊन काय कराल? मीही येते." शाळेनंतर हिचा इंग्रजीशी संबंध औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपुरता. मी म्हटलं, ये, तेवढीच सोबत.

शिकवणारी मुलगी नागपूरकडची, आमच्या मुलीपेक्षाही लहान. आम्हाला काका-काकू म्हणायची, पण धाक असा, की मी बँकेत साहेबालाही तेवढा घाबरलो नाही. तिचा एकच नियम होता. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. चूक काढायची नाही, शब्द पुरवायचा नाही. जो मध्ये बोलेल त्याने सगळ्या वर्गाला चहा पाजायचा. पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग माझाच चहा प्यायला. समोरचा माणूस चुकतोय हे दिसत असताना गप्प बसणं आमच्या पेठेत कुणी कुणाला शिकवलेलंच नाही.

पुढे भूतकाळ आला. काल काय केलं, ते सांगायचं. वाघोलीहून येणारा एक फिटर होता. तो रोज उठून सांगायचा, "येस्टरडे आय सॅट इन ट्रॅफिक." ते खरंच असायचं, त्यामुळे मॅडमही काही म्हणू शकायच्या नाहीत. मग एके दिवशी त्यांनी काल सोडून दिला आणि आयुष्यातला एखादा फार जुना दिवस तयार करून यायला सांगितलं. मला तर हेच हवं होतं. घरी आरशासमोर तयारी केली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी उभा राहिलो.

"वी वेंट बाय बस. बस स्टॉप्ड. वी पुश्ड बस. अंकल लॉस्ट वन चप्पल."

इथवर ठीक होतं. पण अनवाणी राहण्याचं व्रत इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, "अंकल सेड, आय डोन्ट वेअर चप्पल." कुणी हसलं नाही. सासऱ्यांचा भाविकपणा मला आणताच आला नाही. "वी सॉ गर्ल. गर्ल डिड नॉट स्पीक. आय सेड येस." संपलं. मराठीत या गोष्टीत चहाचे दोन कप रिकामे होतात. इथे फिटरचं ट्रॅफिकसुद्धा माझ्यापेक्षा जास्त वेळ चाललं होतं. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड, काका." मला खरोखर वाईट वाटलं. कुणीतरी आपलं घर आवरायला घेऊन सगळं सामान बाहेर काढावं, तसं.

मग ही उभी राहिली. मला वाटलं, ही मुलीच्या जन्माचं सांगणार, नाहीतर माहेरच्या विहिरीचं. हिने पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाली, "माय हजबंड टोल्ड. आय विल टेल सेम डे."

मी चपापलो. त्या दिवसाला दुसरी बाजू असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ही एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखी बोलत होती. त्या दिवशी हिची दाढ दुखत होती. गाल सुजला होता, म्हणून मान खाली. आईने दाढेत लवंग धरायला दिली होती, तोंड उघडलं असतं तर ती पडली असती, म्हणून शब्द नाही. लवंगेला इंग्रजीत काय म्हणतात, ते हिला आठवेना. तिने गालावर हात ठेवून करून दाखवलं, आणि सगळा वर्ग हसला. माझ्या गोष्टीतलं सगळ्यात हुकमी वाक्य त्या लवंगेबरोबर गेलं.

"ही टॉक्ड. ही टॉक्ड अँड टॉक्ड. आय डिड नॉट लाइक."

फिटर माझ्याकडे बघून खुदखुदला. मी तोंड उघडलं होतं, मॅडमनी नुसतं बोट दाखवून कपाची खूण केली. मी मिटलं.

"माय मदर मेड शिरा. शिरा बर्न्ट." "नो टाइम टु मेक अगेन. एव्हरीबडी टुक वन स्पून अँड केप्ट प्लेट डाउन. माय मदर वॉज क्राइंग इन किचन. ही एट ऑल. ही सेड, गिव्ह मी मोअर. माय मदर स्टॉप्ड क्राइंग. देन आय सेड येस."

वाघोलीच्या फिटरने नाक ओढलं. मॅडम नेहमीचं व्हेरी गुडही विसरल्या.

माझा मात्र राग डोक्यात गेला होता, खोटं का सांगू. एक तर माझ्या गोष्टीवर पाणी फिरलं. दुसरं म्हणजे मला तो शिरा आठवतच नव्हता. करपलेला तर मुळीच नाही. आठवत होतं ते एवढंच, की सकाळपासून पोटात काही नव्हतं, घाटात एसटी ढकलून जीव मेटाकुटीला आला होता, आणि समोर बशी आली. त्या वेळी दगड वाढले असते तरी मी आणखी मागितले असते.

घरी चालत येताना मी विचारलं, इतक्या वर्षांत हे कधी सांगितलं का नाहीस.

ती म्हणाली, "तुम्ही सांगता तेव्हा मध्ये जागा कुठे असते?" मग थोडं चालल्यावर म्हणाली, "आणि मराठीत मला लाज वाटली असती. इंग्रजीत वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगतेय."

रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरला, तो पलीकडे गेल्यावर सोडला नाही, आणि पेठेत लोक बघतात हे माहीत असूनही तिने काढून घेतला नाही.

तरी रविवारी व्याही जेवायला येतील तेव्हा मी माझीच गोष्ट सांगायची ठरवली होती. सवय सुटत नाही. चप्पल, व्रत, सासरे, सगळं मॅडमकडून नीट बसवून घेतलं होतं. शेवटचं हुकमी वाक्यसुद्धा इंग्रजीत तयार होतं, आणि ते चांगलं जमलं होतं. फक्त ते म्हणताना आता दाढेतली लवंग आठवायची. व्याही आले. उंच, हसरे गृहस्थ, त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा पुढचं, पण तेही शब्द शोधत बोलायचे, त्यामुळे मला धीर आला. विहीणबाई कमी बोलणाऱ्या. जेवणं होत आली तशी मुलगी म्हणाली, "बाबा, ती बघण्याची गोष्ट सांगा ना." हिने शिऱ्याचं पातेलं आणून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता खुर्चीत बसली.

मी सुरू केलं. एसटी, घाट, चप्पल. या वेळी व्रत जमलं, व्याही खो खो हसले. मी रंगात आलो. "देन वी सॉ द गर्ल," मी म्हणालो, "अँड शी डिड नॉट स्पीक अ सिंगल वर्ड." आणि नेहमीसारखा थांबून हिच्याकडे बघितलं. ही हसायची तयारी करून बसली होती. दर वेळी हसते तशी. ते बघून मी तयार वाक्य सोडून दिलं.

मी म्हणालो, "नाऊ शी विल टेल. शी वॉज देअर."

मुलीने चमकून माझ्याकडे बघितलं. हिने पदर नीट केला आणि गालावर हात ठेवला. लवंगेचा इंग्रजी शब्द या वेळी तिला येत होता, तरी तिने करूनच दाखवलं. गोष्ट शिऱ्यापाशी आली तशी विहीणबाईंनी डोळे टिपले. मुलगी तर हे पहिल्यांदाच ऐकत होती, ती कधी आईकडे, कधी माझ्याकडे बघत राहिली. व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी फार भला माणूस असल्याचं सांगितलं.

आता एवढं फुकटचं श्रेय माझ्याने पचेना. मी म्हणालो, "नो, नो. आय वॉज हंग्री."

सगळे हसले. विनय समजून. व्याह्यांनी तर हा विनय त्यांच्या बायकोला मल्याळममधून पुन्हा समजावून सांगितला. जन्मात पहिल्यांदा इंग्रजीत भूतकाळातलं एक वाक्य मी बिनचूक आणि शंभर टक्के खरं बोललो होतो, आणि त्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही.

पाहुणे गेल्यावर ही भांडी घासायला काढत होती. मी मागे उभा राहून म्हटलं, "अगं, मला खरंच भूक लागली होती. शिरा करपलाय हे कळलंही नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या मामांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, पोरगा सकाळपासून उपाशी आहे म्हणून."

"मग?"

"मग काय. आई रडायची थांबली ना."

पातेल्यात थोडा शिरा उरला होता. तो तिने बशीत काढला आणि माझ्या हातात दिला. मी उभ्या उभ्या सगळा खाल्ला आणि आणखी आहे का, ते विचारलं.