एका खाटेवरचे दोघं

माळ्यावरून जुना कॅमेरा काढला. चामड्याच्या कव्हराला अजून तोच कुबट वास होता, आणि मी थेट भोसरीच्या भाड्याच्या खोलीत जाऊन पोहोचलो.

त्या खोलीत खाट एकच होती. रात्री तिच्यावर मी झोपायचो आणि दिवसा सोपान, कारण त्याला कायमची नाइट शिफ्ट. संध्याकाळी मी यायचो तेव्हा तो गेलेला असायचा. उशी तेवढी कोमट असायची.

सुट्टीच्या एका दुपारी नुकताच घेतलेला सेकंडहँड कॅमेरा स्टुलावर ठेवून मी शिकत होतो. समोर उभं करायला माणूस नव्हता, म्हणून झोपलेल्या सोपानचाच फोटो काढला. कामावर निघताना तो म्हणाला, "आता तुमी बसा, मी दाबतो बटन." मी खाटेच्या कडेला बसलो. "जरा हसा की राव," म्हणत त्याने बटण दाबलं आणि बस गाठायला पळाला.

मधे रीळ पुढे फिरवायला मी विसरलो होतो. दोन्ही फोटो एकावर एक उमटले. "वाया गेला," स्टुडिओवाला म्हणाला. मीही चिडून तो कव्हरात कोंबला. तोवर सोपान दुसरीकडे काम धरून खोली सोडून गेला होता.

भोसरीतल्या त्या वर्षांत माझ्याजवळ कुणी असलेला हा एकच फोटो. आज नातीने तो उजेडात धरला. सोपान झोपलाय, मी त्याच्या उशाशी हसत बसलोय, आणि माझ्या शर्टातून मागची भिंत दिसतेय.

"आजोबा, हे आजारी होते का?"

"नाही गं, दमला होता," मी म्हणालो. "म्हणून उठवलं नाही."